बरोबरची खूण

बाईंच्या पायाला भिंगरी आहे, असं त्यांची आई म्हणायची, आणि ते कौतुकाने म्हणायची नाही. शाळेत शिकत असताना त्या बाकावर कधी नीट टेकून बसल्या नाहीत. पुढे स्वतः शिक्षिका झाल्या, तेव्हा टेबलामागची खुर्ची म्हणजे पर्स ठेवायची जागा एवढीच उरली. वर्गात येरझारा, घरात येरझारा. अर्धी बस रिकामी असली तरी बाई दांडा धरून उभ्या. नवरा म्हणायचा, "अगं, बस ना जरा." बाई म्हणायच्या, "बसले की विचार येतात."

विचार तसा एकच होता आणि तो गेली दहाएक वर्षं येत होता. परत जायचं का, आणि जायचं तर कधी.

बाई मूळच्या गणिताच्या. ज्या शाळेत शिकल्या त्याच शाळेत शिकवायला लागल्या आणि तिथेच म्हाताऱ्या होणार हे त्यांनी मनात पक्कं केलं होतं. पण नवरा दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करणारा, आणि त्याला परदेशातल्या एका मोठ्या दवाखान्याने बोलावलं. तो गेला. मागोमाग बाई गेल्या, कडेवर मुलगी. निघण्याआधी त्या मोठ्या बाईंना, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिकांना, भेटायला गेल्या आणि म्हणाल्या, "बाई, दोन वर्षांनी येतेच." मोठ्या बाईंनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं. असली 'येतेच' त्यांनी पुष्कळ ऐकली होती.

तिकडे जाऊन घरी बसल्या तर त्या बाई कसल्या! तिकडची भाषा शिकल्या, तिकडच्या परीक्षा दिल्या आणि एका शाळेत गणित शिकवायला लागल्या. शाळा चांगली होती. वर्गात वीसेक मुलं, भिंतभर खिडकी, वर-खाली सरकणारा फळा, आणि शिक्षकांच्या खोलीत कॉफीचं एक यंत्र, ज्याच्याशी बाईंचं शेवटपर्यंत जमलं नाही. मुलंही चांगली. फक्त ती बाईंना सरळ नावाने हाक मारायची, आगापिछा नसलेलं नुसतं नाव. सुरुवातीला बाई मागे वळून बघायच्या, की ही आपली मैत्रीण कोण आली. 'बाई' हा शब्द फक्त घरात उरला, तोही नवऱ्याच्या तोंडी आणि तोही चेष्टेत. "बाई, मीठ द्या."

खरा घोटाळा पहिल्या चाचणीला झाला. बाईंनी पेपर तपासले, बरोबर उत्तरांवर झोकात शेपूट ओढून लाल खुणा केल्या, चुकलेल्यांखाली बारीक रेघ मारली आणि पेपर वाटले. पहिल्या बाकावरचा हुशार मुलगा पांढराफटक पडला. मागच्या बाकावर एक महा उडाणटप्पू होता. त्याच्या कागदावर औषधालाही खूण नव्हती. तो बाकावर उभा राहून नाचायच्याच बेतात होता. मग उलगडा झाला. तिकडे ती खूण चुकलेल्या उत्तराला करतात. बरोबर आलं तर एक टिंब द्यायचं, नाहीतर तेही नाही. बरोबर यायचंच असतं, त्याचा एवढा गाजावाजा कशाला? बाईंना हे मनातून पटलं नाही. पण शिक्षकाचा हात तो, वळण लावलं तर लागतोच. वर्षभरात तो इतका सरावला, की डोक्याला न विचारता चालायला लागला.

घरात मात्र एकच शब्द चालायचा, 'सध्या'. सध्या हे टेबल चालवून घेऊ. सध्या पडदे नकोत. मुलीला सध्या याच शाळेत घालू. बाईंनी धड एक कपाट घेतलं नाही. कपडे खोक्यांत आणि खोकी पलंगाखाली. नवरा एकदा वैतागून म्हणाला, "अगं, सध्या सध्या करता करता पोरगी माझ्या खांद्याला लागली." ते खरंच होतं. मुलीचं लाडाचं नाव बारकी, आणि ही बारकी एव्हाना आईपेक्षा चार बोटं उंच होती.

अशात मोठ्या बाईंचा फोन आला. मोठ्या बाई फोनवरही शेवटच्या बाकाला ऐकू जाईल अशा बोलायच्या. बाईंनी फोन कानापासून लांब धरला, आणि सगळ्या घराने सगळं ऐकलं.

"अगं, मी निवृत्त होतेय. माझ्या खुर्चीवरून समितीत जुंपलीय नुसती. मी तुझं नाव पुढे केलंय. येतेस का, की आपलं ते 'येतेच'?"

"बाई, असं अचानक..."

"अचानक कसलं? तुमच्या तिकडे सुट्टी असते तेव्हा आपली शाळा चालू असते ना? मग महिनाभर ये. वर्ग घे. लेकीलाही आण, बसव नववीत. जमतंय का बघा दोघी. पण महिना संपला की मला एक शब्द पाहिजे, हो नाहीतर नाही. अधलंमधलं काही नको."

नवरा भांडी विसळत होता. तो हात पुसत म्हणाला, "जा तू. तुझं नक्की झालं तर मीही येतो. यंत्रं काय, तिथेही बिघडतातच." तो हे अगदी मनापासून म्हणाला, आणि बाईंची तीच पंचाईत झाली. इतकी वर्षं 'याच्या नोकरीमुळे अडकलो' असं म्हणायची सोय होती, ती एका वाक्यात गेली.

"बारके, तुला काय वाटतं?" त्यांनी मुलीला विचारलं.

"मला काय वाटायचंय? तुझं ठरलेलंच असतं," बारकी म्हणाली आणि खोलीत गेली. बाईंनी हा होकार समजला. आयांना असं समजून घ्यायची सवय असते.

दोघी गेल्या आणि बाईंच्या थोरल्या भावाकडे, म्हणजे दादाकडे, उतरल्या. दुसऱ्याच दिवशी सकाळी बाई शाळेच्या फाटकात उभ्या होत्या. फाटक आठवणीतल्यापेक्षा अरुंद होतं, पटांगण लहान होतं, आणि पाण्याच्या टाकीचा नळ तेव्हा गळायचा तसाच अजून गळत होता. वर्गात बाकांवर कर्कटकाने कोरलेली नावं होती. खडूची भुकटी खिडकीच्या चौकटीत साचलेली होती. एका बाकावर तिघं बसतील तिथे चौघं बसली होती आणि त्या चौघांपैकी दोघं भांडत होती. "बाई, बाई, ह्याने माझं खोडरबर घेतलं!" असं एक मुलगा ओरडला, आणि बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते पाहून तो बिचारा घाबरला आणि म्हणाला, "राहू दे बाई, माझ्याकडे दुसरं आहे."

बाई खूश होत्या, याच्यात आडपडदा काही नाही. घसा बसला, पाय सुजले, तरी खूश होत्या. कुणी प्रश्न विचारला की त्या तिकडच्या पद्धतीने लगेच उत्तर सांगायच्या नाहीत. "तुला काय वाटतं?" म्हणून गप्प उभ्या राहायच्या. दोन दिवस वर्गाला वाटलं, या नव्या बाईंना येत नाही. तिसऱ्या दिवशी पुढच्या बाकावरच्या एका मुलीने दयेपोटी, कुणाला दिसणार नाही अशा बेताने, गाईड त्यांच्यापुढे सरकवलं. बाई इतक्या हसल्या, की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले.

आणि मग सहावीच्या चाचणीला हाताने दगा दिला. पेपर तपासताना बाईंचं डोकं भलतीकडेच, कुठल्या वर्गाला फळा नवा हवा आणि टाकीचा नळ कुणाकडून बदलून घ्यायचा याच्यात. हात आपला चालत होता. दुसऱ्या दिवशी पेपर वाटले आणि वर्गात एकच कल्ला. ज्यांना कधी काही येत नव्हतं त्यांचे कागद लाल खुणांनी भरलेले, आणि वर्गातली पहिली आलेली मुलगी टिंबं मोजत रडत बसलेली. बाईंनी घाईघाईने कागद गोळा केले. शिक्षकांच्या खोलीत हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. मोठ्या बाई म्हणाल्या, "अगं, तुझ्या हाती शाळा दिली तर सगळी हुशार पोरं नापास आणि सगळे टगे पास!"

बाईही हसल्या. पण पेपर पुन्हा तपासताना त्या प्रत्येक खुणेपाशी थांबत होत्या आणि आपल्याच हाताकडे परक्यासारखं बघत होत्या. ही गोष्ट त्यांनी घरी सांगितली नाही. दादाच्या हाती असलं काही लागलं की तो ते वर्षानुवर्षं पुरवून पुरवून वापरायचा. बारकीच्याही कानावर गेलं नाही, कारण सहावीची शाळा सकाळची आणि बारकीची नववी दुपारची.

बारकीचं कसं चाललं होतं? पहिला आठवडा तिने तोंडाला कुलूप लावलं होतं. शाळेतून यायची, दप्तर टाकायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. वहिनी म्हणायची, "लेकरू कोमेजलंय हो." आणि मग एक दिवस अचानक चक्र फिरलं. बारकी हसायला लागली. वहिनीला कपडे वाळत घालू लागली, दादाशी पत्ते खेळू लागली, पत्त्यांत लबाडी करू लागली. बाईंच्या मनावरचं ओझं उतरलं. पोरगी रुळली! त्यांनी नवऱ्याला फोन करून सांगितलं, "झालं बघ. मला उगाच भीती वाटत होती. मी उद्या हो म्हणते."

"नक्की ना?" नवरा म्हणाला. "मी इथे एकदा सांगितलं की मागे फिरता येणार नाही."

"उद्या मोठ्या बाईंशी बोलते, मग सांग."

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. बाई दुपारी मोठ्या बाईंच्या घरी जायच्या होत्या. त्या आरशापुढे केस विंचरत होत्या, तेवढ्यात बारकी आली. तिने दार लोटून घेतलं. तिच्या हातात चार घड्या घातलेला एक कागद होता.

"आई, एक दाखवायचंय. रागावू नकोस."

"काय गं?"

"मी नापास झालेय. गणितात. सगळंच्या सगळं चुकलं." तिने चेहरा पाडून ठेवला होता, पण तो जमत नव्हता. ओठांचे कोपरे सारखे वर जात होते. "मी खरंच प्रयत्न केला आई. पण इथलं मला नाही झेपत. मग आता आपण घरी जाऊ या ना?"

बाईंनी कागद उघडला. बीजगणिताची उदाहरणं होती, बारकीच्या बारीक सरळ अक्षरात. बारकीचं नाव पटावर नव्हतं म्हणून वर्गशिक्षकांनी गुण टाकले नव्हते. नुसत्या खुणा केल्या होत्या. पहिल्या उदाहरणापासून शेवटच्या उदाहरणापर्यंत, एकही न गाळता, शेपूट वर ओढलेल्या लाल खुणा.

बाई पलंगावर बसल्या.

फोनवर निरोप पोचला की उमटते त्या तसल्याच खुणेचा अर्थ बारकीला चांगला ठाऊक होता. पण कागदावर, लाल शाईत, शिक्षकांच्या हातची ती खूण तिने आयुष्यात एकाच अर्थाने पाहिली होती. आणि इथे तिचा अर्थ उलटा आहे, हे तिला सांगायचं बाई विसरल्या होत्या. स्वतः सहावीत तोंडघशी पडूनही विसरल्या होत्या. शिवाय उत्तरं बरोबर असल्याचं बारकीला कळलं नसतं का? कळलं असतं, पण तिला कळून घ्यायचंच नव्हतं. घड्यांवरून दिसत होतं, की कागद आठवडाभर जपून ठेवला होता आणि पुन्हापुन्हा उघडून पाहिला होता. पोरगी रुळली नव्हती. परतीचं तिकीट हातात पडल्यासारखी ती हसत होती.

एक क्षण बाईंना वाटलं, गप्प बसावं. "असू दे गं," एवढं म्हटलं तरी पुरे होतं. मोठ्या बाईंना सांगता आलं असतं, की मुलीला झेपत नाही हो. दादाला तेच, नवऱ्याला तेच. कुणी बोल लावला नसता, बारकी आनंदाने परत गेली असती, आणि बाईंना तिच्यासाठी सगळं सोडल्याचं समाधान मिळालं असतं. खरं सांगितलं तर उलटं होणार होतं. मुलगी इथेही पहिली येते म्हटल्यावर इथे राहायला आणखी काय पाहिजे? खरं बोलणं इतकं स्वार्थाचं असू शकतं, हे बाईंना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पण बरोबर उत्तराला चूक म्हणणं त्यांच्या जिभेला जमेना.

"बारके, हे सगळं बरोबर आहे."

"काय?"

"इथे ही खूण बरोबर उत्तराला करतात. तिकडे जी चुकीला करतात ना, तीच. तुझं एकही चुकलेलं नाही."

"म्हणजे मी पास?"

"पास काय, पहिली असशील."

पास झालेल्या मुलांचे कितीतरी चेहरे बाईंनी पाहिले होते. असा कधी पाहिला नव्हता. बारकीने कागद त्यांच्या हातून ओढून घेतला, खालीवर पाहिला आणि तिचं तोंड एकदम रडवेलं झालं.

"आधी का नाही सांगितलंस? मी सगळी गणितं मुद्दाम चुकवली असती!"

बाईंना राग आला. वाईट वाटायला हवं होतं, पण आला तो रागच. "आणि माझं काय? मी किती वर्षं वाट बघितलीय याची, माहितेय तुला? दहा वर्षं थांबलेय मी तिथे!"

"तू थांबली होतीस," बारकी रडत रडत ओरडली. "मी नव्हते थांबले. मी तिथे राहत होते!"

दाराबाहेर वहिनीची पावलं वाजली आणि परत फिरली. मघाशी पोरगी 'घरी' म्हणाली होती, ते आत्ता कुठे बाईंच्या कानात शिरलं. त्यांनी तिला जवळ ओढलं. बारकी आधी ताठ उभी राहिली आणि मग एवढी उंच मुलगी मुटकुळं करून आईच्या मांडीवर मावायचा प्रयत्न करायला लागली. ती मावत नव्हती. बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि त्यांना स्वतःसाठी मोठ्याने रडावंसं वाटत होतं, पण त्या खोलीत तेवढी जागा नव्हती.

संध्याकाळी त्या मोठ्या बाईंकडे गेल्या. मोठ्या बाईंनी खुर्ची पुढे केली. बाई उभ्याच राहिल्या.

"नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही एकच शब्द मागितला होतात. तर नाही."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "का? नवरा नको म्हणाला?"

"तो तर यायला तयार आहे."

"मग लेकीला जमत नाही का वर्गात?"

"जमतंय. सगळं बरोबर आलंय तिचं."

"मग अडलंय कुठे, अगं बाई?" मोठ्या बाईंचा आवाज चढला. "कालपर्यंत नळ बदलायच्या गोष्टी करत होतीस माझ्याशी! पोरांचं काय घेऊन बसलीस? पोरं चार दिवस रडतात आणि पाचव्या दिवशी विसरतात. मनं बदलतात त्यांची."

"माझंही बदलेल," बाई म्हणाल्या. "उद्या सकाळी बदलेल. फाटकातून आत शिरले आणि कुणी हाक मारली, की त्या क्षणी बदलेल. म्हणून म्हणते, तुम्ही जाहिरात आजच देऊन टाका, बाई. माझ्यासमोर लिहा."

मोठ्या बाईंनी टेबलाचा खण उघडला, एक कोरा कागद काढला आणि पेनाचं टोपण उघडलं. "मजकूर तूच सांग," त्या फणकाऱ्याने म्हणाल्या. "माझं डोकं आता चालत नाही."

बाई खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या. वर्गात शुद्धलेखन घालावं तसं एकेक शब्द सावकाश सांगू लागल्या. "मुख्याध्यापिका पाहिजे. गणित शिकवणारी असल्यास उत्तम. मुलांची आवड हवी. आवाज मोठा हवा."

"पुढे?"

"पुढे लिहा..." बाई पुन्हा खिडकीपर्यंत जाऊन आल्या. "इथे राहणारी हवी."